'पाणी सोडून घासतो, मग धूळ कुठली?' : एका शेडमालकांना उत्तर

मालक, नमस्कार. (सोलापुरात कुणालाही मालक म्हणतात, तुम्ही तर खरेच शेडचे मालक.)

विडिया टिपा, म्हणजे हत्यारांना लावतात ती कठीण कार्बाइडची टोकं, घासताना उडणाऱ्या धुळीनं छाती बिघडते, माझ्या मावसभावाची बिघडली, असं मी लिहिलं ते तुम्हाला झोंबलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वडिलांनी 30 वर्षं ग्राइंडरवर लोखंड घासलं आणि आज 78 व्या वर्षी रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारतात. तुमच्याकडे पाणी सोडून घासतात, म्हणून धूळ उडतच नाही. पोरं संध्याकाळी गूळ खातात, त्यानं छातीतली धूळ निघून जाते. माझा मावसभाऊ बिडी ओढत असणार. आणि शेवटी, 'अक्कलकोट रोडच्या शेडना टाळं लावायचंय का?'

आधी माझी चूक कबूल करतो. मी लोखंडाची धूळ आणि विडियाची धूळ एकाच तागडीत टाकली. लोखंडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की एक्स-रेवर ठिपके दिसतात, त्याला सिडरोसिस म्हणतात. पण नुसत्या लोखंडानं फुफ्फुस सहसा निकामी होत नाही. तुमचे वडील लोखंडच घासत होते. त्यांची फेरी अशीच चालू राहो. (फाउंड्रीत कास्टिंगला चिकटलेली वाळू घासणाऱ्याचं वेगळं, तिथं वाळूतली सिलिका छातीत जाते. तो विषय पुन्हा कधीतरी.)

विडियाचं तसं नाही. 1926 च्या सुमारास जर्मनीत क्रुपनं हा माल बाजारात आणला, 'हिऱ्यासारखा' अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून त्याचं नाव पडलं, आणि आपण आजही कुठल्याही कार्बाइडला विडियाच म्हणतो. टंगस्टन कार्बाइडचे कण एकमेकांना धरून ठेवायला त्यात कोबाल्ट हा धातू घालतात. मुख्य खोड त्या कोबाल्टची. या कामातल्या लोकांच्या फुफ्फुसांचा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तोही जर्मनीतच, 1940 मध्ये.

आता पाण्याचं. मीही तुमच्यासारखंच समजत होतो. पाणी सोडलं की डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसते, हे खरंच आहे. पण कोबाल्ट कूलंटमध्ये, म्हणजे घासताना सोडतात त्या पाण्यात, विरघळतो. तेच कूलंट टँकमधून पुन्हा पंपानं वर येतं, दर फेरीला त्यात आणखी थोडा कोबाल्ट. व्हील फिरताना त्याचे जे तुषार उडतात, ते नाकासमोरच. भाऊ काम करायचा त्या शेडमध्ये मी एकदा संध्याकाळी गेलो होतो. मशीन चालू असताना ट्यूबलाइट बंद केली आणि मोबाइलची टॉर्च आडवी धरली. उजेडाच्या पट्ट्यात धुकं तरंगत होतं, थेट त्याच्या तोंडाच्या उंचीवर. ट्यूबलाइट लावली की काही नाही, हवा स्वच्छ. खाली भाऊ टँकमधला राखाडी गाळ पत्र्याच्या तुकड्यानं खरवडत होता, हातमोजे न घालता. मग कंप्रेसरची हवा मारून शर्ट झाडला आणि म्हणाला, 'चल, चहा घेऊ.'

भाऊ बिडी ओढत नव्हता. तंबाखूचा मावा खायचा, खोटं कशाला बोलू. कोरडा खोकला, दोन जिने चढले की धाप. थुंकीत एकदाही जंतू न सापडता सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, 'काम काय करता?' तेव्हा कुठं निघालं, की दिवाळीत शेड आठ दिवस बंद असली की खोकला कमी व्हायचा आणि उघडली की परत. हे तोवर कुणी विचारलं नव्हतं, त्यानंही सांगितलं नव्हतं. मिलच्या गावाला हे नवीन वाटू नये. कापूस खात्यातल्या माणसांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळायची, ती बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराची खूण.

शेजारच्या मशीनवरचा दुसरा गडी मात्र ठणठणीत आहे. हा आजार थोडा ॲलर्जीसारखा वागतो, धूळ सगळे खातात आणि पकडतो एखाद्याला. म्हणून 'आमच्यात कुणाला झालं नाही' यावर भिस्त ठेवू नका.

गुळाचं एक सांगतो. तो जातो पोटात, धूळ जाते छातीत, वाटा घशातच वेगळ्या होतात. लखनौच्या संशोधकांनी 1994 मध्ये उंदरांवरचा गुळाचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात गुळाचा थोडा फायदा दिसला होता हेही खरं. पोरांना गूळ जरूर द्या, पण धूळ ओढून घेणाऱ्या सक्शनचे पैसे वाचवायला नको.

टाळं लावा असं मी म्हटलंच नाही. व्हीलच्या अगदी जवळ सक्शनचं तोंड बसवा, कूलंट वेळेवर बदला, कपड्यांवर हवा मारणं आजपासून बंद करा. रुमाल बांधून काही होत नाही. एन-95 मास्क हवा, तोही दाढी करून, नाहीतर कडेनं हवा शिरते. वर्षाला एकदा फुफ्फुसांची फुंकून करायची तपासणी. लवकर कळलं आणि ते काम सुटलं तर बरेच जण सावरतात; फुफ्फुसात वण धरले की ते जात नाहीत. आणि निव्वळ हिशेबाचं बोलायचं तर 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कठीण धातूंमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार नावानिशी होता, आणि 2025 मध्ये त्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही आहे.

या रविवारी शेड चालू असेल तर येऊ का? दिवे मालवायची परवानगी द्या, टॉर्च मी आणतो.