बायोडेटात नसलेलं घेऊन जा

करिअर कोचची, म्हणजे नोकरी-व्यवसायाचे निर्णय घ्यायला मदत करणाऱ्या मार्गदर्शकाची, पहिली भेट ठरली की बहुतेक जण आधी बायोडेटा उघडतात. तारखा तपासतात, पदांची नावं नीटनेटकी करतात, मुलाखतीला निघाल्यासारखी उत्तरं घोकतात. मला हे मनापासून खटकतं. बायोडेटा निवड करणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. त्यात नको ते वगळलेलं असतं, आणि तिथे ते योग्यच आहे. पण कोच तुमची निवड करायला बसलेला नसतो. त्याला नेमकं ते वगळलेलंच हवं असतं.

म्हणून प्रत्येक नोकरीपुढे ती का धरली आणि का सोडली, हे खरं खरं लिहून काढा. ‘चांगली संधी मिळाली’ हे चारचौघांत ठीक आहे. वरिष्ठांशी पटत नव्हतं, हक्काची बढती दुसऱ्याला गेली, घरी आजारपण होतं, हे कागदावर येऊ द्या. अशी तीन-चार कारणं एकाखाली एक आली की त्यांतलं साम्य आपोआप दिसायला लागतं. मग आणखी एक यादी करा: उत्तम जमतं, पण नकोसं झालंय अशा कामांची. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच सर्वांत मोलाची. जे जमतं त्याचं कौतुक होतं, कौतुक झालं की तेच काम पुन्हा वाट्याला येतं, आणि माणूस वर्षानुवर्षं त्यातच अडकून राहतो.

व्यवसाय मार्गदर्शनाचा पाया घालणाऱ्या फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये त्यासाठी कार्यालय सुरू केलं. त्यांच्या मांडणीत आधी स्वतःची नीट ओळख, मग कामांची माहिती आणि शेवटी दोन्हींचा मेळ असा क्रम आहे. आपण मात्र थेट ‘सध्या कशाला मागणी आहे?’ इथून सुरुवात करतो.

पैशांबद्दल बोलायला संकोच वाटतो, तरी आकडे घेऊन जा. महिन्याचा खर्च किती, हप्ते किती, पगाराशिवाय किती महिने निभेल, कोण आपल्यावर अवलंबून आहे, गाव सोडता येईल का. हे न सांगता आखलेली योजना पहिल्या महिन्यातच कोसळते. कोणत्या कामांत रस आहे हे तपासणारी अभिरुची चाचणी दिली असेल तर निकाल सोबत असू द्या, पण त्यावर सगळा भार टाकू नका.

कोचलाही प्रश्न विचारा, यात उद्धटपणा काही नाही. बहुतेक ठिकाणी या कामाला सरकारी परवाना लागत नाही. कुणीही स्वतःला कोच म्हणवू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ पासूनची संस्था प्रमाणपत्रं देते, आणि तिच्या पहिल्या पातळीसाठीही किमान ६० तासांचं प्रशिक्षण व १०० तासांचा अनुभव लागतो. प्रशिक्षण कुठे घेतलं, माझ्यासारख्या कुणासोबत काम केलंय का, हे विचारा. फी कंपनी भरत असेल तर आपल्यातलं बोलणं तिच्यापर्यंत किती पोहोचेल, हे पहिल्या पाच मिनिटांतच स्पष्ट करून घ्या. नोकरीची हमी कुणी देत असेल, तर तिथून उठा.

आणि एक प्रश्न लिहून न्या. ‘करिअरचं काय करू?’ एवढा मोठा नको. ‘टीमची जबाबदारी घेऊ की तांत्रिक कामातच राहू?’ असा, हातात धरता येईल एवढा. अनेक कोच सुरुवातीला ओळखीपुरती छोटी भेट विनामूल्य देतात. तीत मोकळं बोलता आलं नाही, तर तसं सांगून दुसरा कोच शोधायला अजिबात कचरू नका.