पितळी मोर निखळल्याबद्दलच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय आणि सोबतची दोन्ही छायाचित्रे आम्ही काळजीपूर्वक पाहिली. आमच्याकडून नेलेल्या पाच मिनिटांच्या एपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदाने) आपण ओतीव पितळी मोर भिंतीवरच्या दिव्याच्या पट्टीवर चिकटवला, तिसऱ्या दिवशी दिवा लावल्यावर तो निखळून पडला, म्हणजे माल जुना असणार, आणि काउंटरवरच्या मुलाने पॉलिश पेपर व अ‍ॅसिटोन उगाच माथी मारण्याचा प्रयत्न केला, असे आपले म्हणणे आहे. हौसेने केलेली वस्तू अशी खाली पडली की मन खट्टू होणारच. तरीही माल जुना होता हे आम्हाला मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच दुसऱ्या छायाचित्रात आहे.

त्या छायाचित्रात एपॉक्सीची चकती मोराच्या मागच्या बाजूला अखंड चिकटून राहिलेली दिसते, तर पट्टीवर जिथे मोर बसवला होता तिथे पितळ लख्ख चमकते आहे आणि एपॉक्सीचा कणही उरलेला नाही. रेझिन किंवा हार्डनर खराब झालेले असते, किंवा दोन्हींचे प्रमाण चुकले असते, तर ही चकती मऊ किंवा चिकट राहिली असती आणि तिच्यात नख रुतले असते. आपण मात्र ती ‘काचेसारखी कडक’ झाल्याचे स्वतःच लिहिले आहे. म्हणजे एपॉक्सी व्यवस्थित घट्ट झाले, मोराच्या खरबरीत ओतीव पाठीला त्याने पक्के धरलेही, फक्त गुळगुळीत पट्टीवर त्याला पकड मिळाली नाही.

बाजारात मिळणाऱ्या चकचकीत पितळी पट्टीवर बफिंगच्या, म्हणजे घासून चकाकी आणण्याच्या, मेणाचा अंश असतो आणि पितळ काळे पडू नये म्हणून बहुतेक वेळा वरून लॅकरचा पारदर्शक थर दिलेला असतो. अशा पट्टीवर लावलेले एपॉक्सी धातूला चिकटतच नाही, ते त्या मेणाला किंवा लॅकरला चिकटते आणि थोडा ताण येताच त्याच्यासकट सुटते. हे थर काढायलाच पॉलिश पेपर आणि अ‍ॅसिटोन लागतात, म्हणून आमच्या सहकाऱ्याने सुचवलेल्या त्या दोन वस्तू जास्तीची विक्री करण्यासाठी नव्हत्या. धातूच्या जोडकामात त्यांचे महत्त्व एपॉक्सीइतकेच आहे, आणि धातू चिकटवायचा आहे असे सांगणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला त्या सुचवाव्यात अशी आम्हीच त्याला सूचना दिलेली आहे.

‘पाच मिनिटांत पक्के’ हा वेष्टनावरचा दावा खोटा असल्याचेही आपण म्हटले आहे. मिश्रण केल्यापासून सुमारे पाच मिनिटांत ते घट्ट होऊ लागते, म्हणजे तेवढ्या वेळात तुकडे जागेवर बसवून झाले पाहिजेत, असा त्या आकड्याचा अर्थ आहे; पूर्ण ताकद येण्यासाठी २४ तास थांबावे लागते, आणि हेही त्याच वेष्टनाच्या मागे छापलेले आहे. आपण तिसऱ्या दिवसापर्यंत थांबलात, त्यामुळे आपल्या बाबतीत वेळ कमी पडलेला नाही.

उष्णतेचा प्रश्न मात्र खरा आहे. घरच्या तापमानाला घट्ट होणारी साधी एपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि पितळ उष्णता झपाट्याने वाहून नेते. ज्योत मोरापासून चार बोटे दूर असली तरी पट्टी बरीच तापते. दिव्याची वस्तू असल्याचे खरेदीच्या वेळी बोलण्यात आले असते, तर आम्ही एपॉक्सी दिलेच नसते. अशा कामाला झाळकाम (वितळलेल्या धातूने केलेला जोड) किंवा मागून बारीक स्क्रू हाच मार्ग योग्य, आणि पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत पितळेचे काम जाणणारी माणसे आजही आहेत.

मोर दिव्यापासून दूर, एखाद्या फ्रेमवर किंवा चाव्या अडकवायच्या पाटीवर लावणार असाल, तर तेच एपॉक्सी उत्तम काम देईल. जुनी चकती हेअर ड्रायरने गरम करून पात्याने खरवडून काढावी. गॅसच्या ज्योतीवर मुळीच धरू नये, कारण जळत्या एपॉक्सीचा धूर अपायकारक असतो. मग दोन्ही पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे-उभे घासावेत, चकाकी पूर्ण जाऊन पितळ मंद दिसेपर्यंत, आणि पांढऱ्या कापडावर अ‍ॅसिटोन घेऊन, कापडाला डाग लागणे थांबेपर्यंत पुसावेत. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये, त्यात बऱ्याचदा तेलकट द्रव्ये असतात. शंका असल्यास पट्टीवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा: तो पसरला तर धातू स्वच्छ आहे, गोळा होऊन राहिला तर अजून तेलकटपणा आहे. कोरडे केल्यावर त्या जागेला बोट लावू नये. रेझिन आणि हार्डनर समान घ्यावेत. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवल्यास जोड कच्चा राहतो. तुकडे चिकटपट्टीने धरून ठेवावेत, फार आवळू नयेत, नाहीतर सगळे एपॉक्सी बाहेर येते. हातात नायट्राइलचे मोजे असावेत, कारण न वाळलेल्या एपॉक्सीने काहींच्या त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी होते.

मोर आणि पट्टी घेऊन आपण दुकानात आलात, तर पृष्ठभाग तयार करण्यापासून जोड बसवण्यापर्यंतचे सर्व काम आम्ही आपल्यासमोर विनामूल्य करून देऊ. येताना उरलेले एपॉक्सीही आणावे. त्याच ट्यूबमधून मिश्रण करू, म्हणजे मालाबद्दलची शंकाही तिथेच तपासता येईल.

— दुकानाचे मालक