‘ऑर्थोपोदेओ’ आणि हाडांचा डॉक्टर

चर्चच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं, की बायबलमध्ये जिथे जिथे ‘सरळ चालणे’ आहे तिथे ‘ऑर्थोपोदेओ’ हा ग्रीक शब्द आहे, त्यावरूनच ‘ऑर्थोपेडिक’ शब्द आला आणि त्याचा खरा अर्थ ताठ कण्याने, निष्पाप जगणं.

आधी डॉक्टरांचं उरकून घेऊ. ‘ऑर्थोपेडी’ हा शब्द निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली घडवला. त्यातलं ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, हे खरं. पण पुढचा भाग ‘ऑर्थोपोदेओ’सारखा पायाचा नाही, ‘पायदिऑन’चा आहे, म्हणजे लहान मुलाचा. मुलांच्या शरीरातली व्यंगं कशी टाळावी, कशी सुधारावी, हा त्याच्या पुस्तकाचा विषय. वाकडं रोपटं खुंट्याला बांधलेलं ते प्रसिद्ध चित्र त्यातलंच.

‘जिथे जिथे’ तर अजिबात नाही. अख्ख्या नव्या करारात ‘ऑर्थोपोदेओ’ एकदाच येतो, गलतीकरांस पत्र २:१४ मध्ये. त्याच पत्रात ५:१६ला ‘आत्म्याने चाला’ म्हणताना पत्राचा लेखक पौल चालण्यासाठीचा नेहमीचा ‘पेरिपातेओ’ वापरतो, तर ५:२५ला ‘स्तोइखेओ’, म्हणजे रांग धरून चालणं. मेसेजमध्ये जोडलेलं स्तोत्र १५:२ मुळात हिब्रू आहे आणि तिथला शब्द आहे ‘तामीम’, म्हणजे निर्दोष. जुन्या किंग जेम्स इंग्रजी बायबलने दोन्हीकडे ‘अपराइटली’ हा एकच शब्द घातला, म्हणून हा घोळ.

आता ‘निष्पाप’. इथे शब्दकोश बाजूला ठेवून प्रसंग वाचावा. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आली आणि सुंतावाल्यांच्या, म्हणजे सुंता झालेल्या यहूदी गटाच्या, भीतीने तो हळूच बाजूला झाला. बाकीचे यहूदीही त्याच्यामागे गेले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा वाहवला. पौल म्हणतो, ‘हे लोक सुवार्तेच्या सत्याप्रमाणे नीट पावलं टाकत नाहीत.’ क्रियापद अनेकवचनी आहे, बोट एकट्या पेत्राकडे नाही. तक्रार आहे पंक्तीतून उठण्याची. पंक्तिभेद म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आणि त्या वाक्यात क्रियापदापुढचं ‘प्रॉस’ हे ग्रीक अव्यय विसरू नका. त्याचा साधा अर्थ ‘कडे’. म्हणून काही अभ्यासक ‘सत्याप्रमाणे’ऐवजी ‘सत्याच्या दिशेने सरळ जात नव्हते’ असं वाचतात. व्हल्गेट या बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरातही ‘आद वेरितातेम’ आहे, तिथेही तोच ‘कडे’. मला हे वाचन जास्त पटतं: माणसं सत्याकडे निघालेली, पण पावलं भलतीकडे वळलेली. अर्थात ‘प्रमाणे’ म्हणणाऱ्यांचीही बाजू भक्कम आहे. कण्याचा संबंध मात्र दोन्हीत नाही.

मराठीत याला नेमका शब्द शोधताना माझीही पंचाईत होते. ‘वाकडं पाऊल’ म्हटलं की आपल्याकडे भलताच संशय येतो. ‘सरळमार्गी’ म्हटलं तर कुणीही फसवावं असा भोळा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो, आणि त्या दिवशी अंत्युखियात पेत्र भोळा नव्हता, घाबरलेला होता.