१ स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर: ७० आणि ११२ चा हिशोब

राम राम दादा. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुमचं म्हणणं असं की पीसी नुसता स्लो होता, चालू कंडिशनमध्ये आणून दिलेला, आम्ही हार्ड डिस्क गेली सांगून एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) गळ्यात मारली, स्क्रीनच्या फोटोत ७० दिसतंय आणि पावतीवर ११२ लिहिलंय म्हणजे आकडा खोटा, घरचे फोटो पण सगळे मिळाले नाहीत, आणि दुसऱ्या एकानं सांगितलं की नुसती नवीन विंडोज मारली असती तरी भागलं असतं. एकेक सांगतो, जरा लांबेल.

चालू होता हे खरं आहे. पण तुम्ही आलासा तवा डेस्कटॉप यायलाच चहा पिऊन झाला आपला, फोल्डर उघडला की सगळं गप्प, आणि कॅबिनेटला कान लावला तर टक टक आवाज. तुम्ही म्हणालासा रॅम वाढवून द्या. रॅमनं काय झालं नसतं, कारण खराब सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा डिस्कवरचा बारका कप्पा, आला की डिस्क तोच परत परत वाचायचा प्रयत्न करत बसते, तोवर विंडोज हातावर हात ठेवून थांबते, आपल्याला वाटतं कॉम्प्युटर म्हातारा झाला.

आणि आल्या आल्या आम्ही डिस्कवर खापर नाही फोडलं. आधी साटा केबल (डिस्क जोडायची वायर) बदलली, पोर्ट बदलला, दुकानातली दुसरी एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय लावून बघितली. डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवते, केबलचा घोळ असता तर त्यातला सी७ म्हणजे सीआरसी एररचा (डेटा येता-जाता बिघडल्याचा) आकडा वाढला असता, तुमचा शून्यच राहिला. वाढत होता सी५, म्हणजे पेंडिंग सेक्टर, डिस्कला वाचता येईनात असे. सकाळी ४८, दुपारी ११२.

आता ७० चं. क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, हे आकडे मुळात हेक्समध्ये दाखवतंय, म्हणजे दहाच्या नाही, सोळाच्या हिशोबात. ७० म्हणजे ७ गुणिले १६, किती होतात करून बघा, ११२. सेटिंग बदलून दहाच्या हिशोबात पण दिसतं. आमच्या दुकानातल्या पोरानं तसाच फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकला, समजावून सांगितलं नाही, तुम्हाला शंका आली यात तुमची चूक नाही.

विंडोज मारली असती तर काय झालं असतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. पूर्ण फॉरमॅट (क्विक नाही) मारला की त्या सेक्टरवर नवीन लिहिलं जातं, जो लिहून पण घेत नाही त्याच्या जागी डिस्क राखीवमधला सेक्टर लावते, सी५ चा आकडा खाली येतो, चार दिवस पीसी पळतो पण मस्त. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. फक्त तुमचा टॅलीचा डेटा आणि बारशाचे फोटो गेले असते, आणि डिस्क परत कधी बसेल सांगता आलं नसतं. तुमच्या भाच्यानं घरी रात्रभर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची सोय) लावून ठेवलेलं तेच नडलं असावं असं माझं मत आहे, मरायला टेकलेल्या डिस्कला तसा ताण द्यायचा नसतो, आधी कॉपी काढायची. २०१९ च्या कोल्हापूरच्या महापुरानंतर लोक पाण्यात भिजलेल्या डिस्क घेऊन यायचे, त्यांना पण एकच सांगायचो, घरी चालू करून बघू नका.

म्हणून आम्ही लिनक्सवर डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कची कॉपी काढायचं सॉफ्टवेअर, लावलं. ते आधी जिथनं सहज वाचता येतंय ते काढून घेतं आणि खराब भागाकडं शेवटी वळतं. ५०० जीबीची चांगली डिस्क दोन-तीन तासांत उतरते, तुमच्या डिस्कनं दोन रात्री घेतल्या. टॅली पूर्ण मिळालं. ३७ फोटो अर्धे राखाडी आले, ते आमच्या हातात नव्हतं.

आता आमचं चुकलं ते. आमच्या पोरानं फोनवर "सगळा डेटा मिळतोय, टेन्शन घेऊ नका" असं सांगितलं. खराब डिस्कच्या बाबतीत असा शब्द कुणी देऊ नये, मी तर अजिबात देत नाही. आणि एसएसडी बसवायच्या आधी तुम्हाला रेट सांगून हो म्हणवून घ्यायला पाहिजे होतं, ते राहिलं. त्यामुळं डेटा कॉपीचा चार्ज मी परत करतोय. एसएसडी नको असेल तर ती पण काढून घेतो, पैसे पूर्ण परत, पण मग जुनीच लावून द्या म्हणू नका, ते मी करणार नाही.

जुनी डिस्क "ठेवून घेतली" असं लिहिलंयसा, ती तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ड्रॉवरमध्ये आहे की ओ, पावतीच्या मागं लिहिलंय तसं. ते ३७ फोटो पाहिजेतच असतील तर पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये क्लीन रूममध्ये डिस्क उघडून प्रयत्न करतात, खर्च मोठा आणि गॅरंटी नाही, तोवर कुठंच जोडू नका आणि कुणाला उघडू देऊ नका. सोमवारी दुकान बंद असतंय, बाकी कधीपण राजारामपुरीत या, येताना पावती तेवढी आणा.