'अनसबस्क्राइब कधीच दाबू नका' हा सल्ला चुकीचा आहे

व्हॉट्सॲपवर एक सल्ला पुन्हापुन्हा फिरतो. कुठल्याही मेलमधलं 'अनसबस्क्राइब' दाबू नका, तुमचा पत्ता चालू असल्याचं कळतं आणि स्पॅम वाढतो. नको ती मेल सरळ 'स्पॅम' म्हणून कळवा. आणि स्पॅम येतोय म्हणजे कुठल्यातरी मेलिंग लिस्टच्या ॲडमिनने तुमचा पत्ता विकलाय. मी एका माजी विद्यार्थी संघाची मेलिंग लिस्ट सांभाळते. या सल्ल्याने अशा लिस्टचं किती नुकसान होतं ते मला दिसतं, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतेय.

"अनसबस्क्राइब दाबलं की स्पॅम वाढतो."

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये हे तपासून पाहिलं होतं. 'नाव काढायचं असेल तर इथे कळवा' असं म्हणणाऱ्या दोनशेहून जास्त स्पॅम मेल निवडून, मुद्दाम उघडलेल्या खात्यांवरून त्यांनी तसं कळवलं. ६३ टक्के लिंक आणि पत्ते बंदच निघाले. पण कळवल्यामुळे स्पॅम वाढतो असं काही आढळलं नाही. तपासणी जुनी आहे. अगदी अनोळखी मेलमधली लिंक उघडू नये हेही खरं, कारण मागे पासवर्ड मागणारं खोटं पान असू शकतं. तिथे 'स्पॅम'च दाबा. पण जिथे आपणच नाव नोंदवलंय, त्या लिस्टला हा नियम कशाला? शिवाय जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसणारं 'अनसबस्क्राइब' मजकुरातून येत नाही, मेलच्या हेडरमधल्या, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक माहितीतल्या, एका खास ओळीवरून येतं. २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना प्रचाराच्या आणि वर्गणीच्या मेलमध्ये ही एका क्लिकची सोय द्यावीच लागते.

"स्पॅम दाबल्याने कुणाचं काही बिघडत नाही."

बिघडतं, आणि बाकीच्या सभासदांचं बिघडतं. जीमेल पाठवणाऱ्यांना बजावतं की तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवा, ०.३ पर्यंत जाऊच देऊ नका. लिस्टवर जीमेलचे ५०० सभासद धरा. दोघांनी बटण दाबलं की झाले ०.४ टक्के. असं होत राहिलं की पुढच्या मेल ज्यांना हव्या आहेत त्यांच्याही स्पॅम फोल्डरमध्ये जाऊ लागतात: शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, रक्तदात्यांसाठी आवाहन, जुन्या सरांच्या निधनाची बातमी, सगळंच. बटण कुणी दाबलं हे जीमेल ॲडमिनला सांगत नाही, त्यामुळे त्या माणसाचं नाव काढायचं म्हटलं तरी काढता येत नाही. ज्याला मेल नको आहेत त्याने खुशाल बाहेर पडावं. कुठल्याही शहाण्या ॲडमिनला त्याचा राग येत नाही.

"ॲडमिनने पत्ता विकला."

असं कधी होतही असेल. पण वेबसाइटवर उघडे पडलेले पत्ते गोळा करणारे प्रोग्रॅम आहेत, चोरीला गेलेला डेटा आहे, नाव-आडनाव जुळवून पत्ते तयार करणं आहे. लिस्टच्या नावाने स्पॅम आला तरी तो लिस्टवरूनच आला असं ठरत नाही, कारण ईमेलच्या मूळ रचनेत प्रेषकाच्या जागी कुणीही कुणाचाही पत्ता लिहू शकतो.

ही तोतयेगिरी थांबवायला डीमार्क ही प्रेषकाचा पत्ता खरा आहे का ते तपासणारी पद्धत आली आणि त्याचा फटका लिस्टनाच बसला. एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कचं कडक धोरण लावलं: याहूच्या पत्त्याची मेल खरंच याहूकडून आल्याचं पटत नसेल तर ती नाकारा. याहूवाल्या सभासदाने लिस्टला लिहिलेली मेल बाकीच्यांकडे लिस्टच्या सर्व्हरवरून जाते, म्हणून जीमेलसारख्या सेवा ती नाकारू लागल्या. अशा परत आलेल्या मेल, म्हणजे बाउन्स, साठले की लिस्ट चालवणारं मेलमनसारखं सॉफ्टवेअर ज्याच्याकडून मेल परत आली त्या सभासदाच्या मेल आपोआप बंद करतं. म्हणजे काही न करता भलतेच लोक लिस्टबाहेर गेले, आणि शंका ॲडमिनवर. तेव्हापासून बऱ्याच लिस्टवर प्रेषकाच्या नावापुढे 'व्हाया' आणि लिस्टचं नाव दिसतं. ते बघून मेल बनावट वाटली तर 'स्पॅम' दाबण्याआधी ॲडमिनला एक ओळ लिहा.