कमेंटमध्ये फाइव्ह स्टार, पार्किंगमध्ये वॅगनआर

गाडी घ्यायचीय असं घरात एकदा बोलून बघा, पैसे सोडून सगळं मिळतं. मी नुसतं 'वॅगनआर बघतोय' एवढंच म्हणालो आणि भाच्याने ताट बाजूला सारलं. "मामा, पत्र्याचा डबा घेणार तू? बोटाने दाबलं तरी पोचा पडतो त्याला. कमेंट्स वाच जरा."

वाचल्या. रात्री दीडपर्यंत वाचल्या. तिथे सगळ्यांचं एकमत आहे की मारुती घेणारा माणूस एकतर कंजूष असतो नाहीतर जिवाला कंटाळलेला. बरं, पोरगं अगदीच हवेत बोलत नव्हतं हां. गाड्या मुद्दाम आपटून त्या किती सुरक्षित याचे ५ पैकी स्टार देणाऱ्या ग्लोबल एनकॅपवाल्यांनी वॅगनआर आपटून बघितली तेव्हा २०१९ मध्ये २ स्टार दिले आणि नियम कडक झाल्यावर २०२३ मध्ये १, आणि तिकडे टाटाची नेक्सॉन २०१८ मध्येच ५ स्टार घेऊन बसलेली. पण गंमत अशी की ज्या २०२३-२४ मध्ये या १ स्टारच्या नावाने ऑनलाइन शिमगा चालू होता त्याच आर्थिक वर्षात देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी कोणती तर वॅगनआर, २ लाखांच्या आसपास. आदल्या वर्षी तीच, पुढच्या वर्षी पण तीच. मग हे घेणारे लाखो लोक आहेत कुठे, एकाला पण टाईप करता येत नाही का?

त्यातले एक आमच्याच पार्किंगमध्ये सापडले. बँकेतून रिटायर झालेले काका, पांढरी वॅगनआर, सीएनजी, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच. म्हटलं, "काका, गाडीबद्दल कुठे ऑनलाइन लिहिलंय का हो काही?" काका माझ्याकडे बघतच राहिले. "काय लिहू? सकाळी चावी फिरवली, सुरू झाली? हे रोज लिहू?"

मुद्दा बरोबर होता. ज्याची गाडी नीट चालते त्याला लिहायला विषयच नाही, लिहितो तो ज्याची बंद पडली तो, आणि त्याच्याहून जास्त लिहितो तो ज्याने घेतलेलीच नाही. आमचाच भाचा बघा ना, प्रोफाइलला बीएमडब्ल्यू, खिशात पीएमपी बसचा पास, आणि बिल्ड क्वालिटीवर असा बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं कंपनीने पत्र्याची जाडी यालाच विचारून ठरवली. तिथे सस्पेन्शन, टर्बो, सनरूफ सगळ्यावर भांडणं होतात, पण तालुक्याच्या गावी पार्ट मिळेल का, रिसेलला किती येतील, सीएनजीला कंपनी किलोला ३४ किलोमीटर सांगते त्यातले खरे किती पडतात, हे विचारणारा माणूस तिथे नसतोच, तो पंपावर लाईनीत उभा असतो.

शेवटी सगळी वरात घेऊन शोरूम्स पालथ्या घातल्या. भाचा प्रत्येक गाडीचं दार उघडायचा, लावायचा आणि कान देऊन ऐकायचा, "धप्प आला पाहिजे मामा, ठण्ण नको." सेल्समन बिचारा दर वेळी दाराकडे बघून दचकायचा. इकडे सासूबाईंची वेगळीच टेस्ट ड्राइव्ह. एका ५ स्टारवाल्या एसयूव्हीत त्यांनी आधी एक पाय वर ठेवला, मग हँडल धरलं, मग दुसरा पाय खालीच राहिला आणि "अगंबाई" म्हणून त्या तशाच लटकल्या, मी आणि बायकोने मिळून उतरवलं. वॅगनआरला मात्र त्यांनी दाराकडे पाठ केली आणि सरळ बसल्या. बसल्या त्या बसल्याच, पर्स मांडीवर घेऊन, एसी लावायला सांगून. १९९९ मध्ये ही गाडी आपल्याकडे आली तेव्हापासून तिला टॉल बॉय म्हणतात, त्या उंच डिझाईनचा उपयोग मला त्या दिवशी कळला. गुडघे हा विषय कुठल्याही रिव्ह्यूत नव्हता.

पण मग पोरांचा आरडाओरडा सगळा फुकट का? तसं पण नाही म्हणता येत. आर्थिक वर्ष सोडून जानेवारी ते डिसेंबर असं मोजलं तर २०२४ मध्ये टाटाची पंच २ लाख २ हजारांवर जाऊन पहिली आली आणि जवळजवळ ४० वर्षं जो पहिला नंबर मारुतीच्याच कुठल्या ना कुठल्या गाडीकडे असायचा तो गेला. त्याच वर्षी मारुतीची नवी डिझायर ५ स्टार घेऊन आली, २०२५ मध्ये वॅगनआरच्या सगळ्या मॉडेल्सना ६ एअरबॅग मिळाल्या. माझं मत विचाराल तर पोरं स्वतः गाडी घेत नाहीत पण घेणाऱ्याचं डोकं मात्र खातात, दोन-चार वर्षं रोज जेवताना 'स्टार, स्टार' ऐकलं की बाप पण शोरूममध्ये जाऊन आधी अ‍ॅव्हरेज विचारतो आणि निघता निघता हळूच विचारतो, "स्टार किती म्हणालात हिला?" मी पण विचारलं. सहा एअरबॅग आहेत ऐकून भाच्याने अर्धी हरकत मागे घेतली, उरलेली अर्धी दाराच्या आवाजावर होती.

बुकिंग केल्यावर एक फॉर्म आला. 'ही गाडी का निवडलीत?' खाली चौकटी: मायलेज, लुक्स, फीचर्स, ब्रँड, ऑनलाइन रिव्ह्यू. मी गुडघ्यांची चौकट शोधत बसलो, तेवढ्यात भाच्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'ऑनलाइन रिव्ह्यू'वर टिक मारून फॉर्म देऊन पण टाकला. म्हणजे कंपनीच्या दप्तरी आता आम्ही लोकांच्या कमेंट्स वाचून भारावून वॅगनआर घेतली अशी नोंद आहे.