शंभर टक्क्यांचा फ्लेक्स

त्रिमूर्ती चौकातल्या कट्ट्यावर परवा विषय निघाला तो शाळेच्या फ्लेक्सचाच: दहावीचा निकाल शंभर टक्के. संजूशेठ भलतेच खुशीत. "शंभर टक्के! याला म्हणतात शिस्त. केस वाढले की गेटवरून परत, उशीर झाला की घरी."

"शेठ, नववीचा पट किती होता तेवढं सांगा," अण्णा म्हणाले. अण्णा शाळेतले हेडक्लार्क, त्यांच्यापुढे टक्केवारी जपूनच काढावी.

"त्यात पटाचा काय संबंध?"

"सगळं तिथंच आहे. आठवीपर्यंत पोराला सहसा अडवता येत नाही, म्हणून गाळणी नववीत लागते. सहामाहीला कच्चं निघालं की आईला बोलवायचं. नापास होईल, वर्ष जाईल, त्यापेक्षा दाखला काढा, सतरा नंबर भरा, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. दाखल्याचा अर्ज तिच्याच हातानं लिहून घ्यायचा. दाखल्यावर कारण काय, तर 'पालकांच्या विनंतीवरून'. सतरा नंबरवाला खासगी विद्यार्थी. तो पास होवो, नापास होवो, शाळेच्या निकालाला डाग नाही."

"पण दहावीला बसतोच ना?" पक्या.

"बसतो रे. पण वर्षभर ना वर्ग, ना प्रयोगवही. तोंडी-प्रात्यक्षिकाला संपर्क केंद्र म्हणून दिलेल्या अनोळखी शाळेत उभा. शाळेत असता तर अंतर्गत गुणांच्या 20 पैकी 15-16 सहज पडले असते, मग 80 च्या लेखीत 20 आले तरी 35 चा काठ गाठला. 2019 ला भाषांचे ते 20 काढले, तर राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 वर आला. विसरलात? आणि दहावीत दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावी मिळते, लगेच पुरवणी परीक्षा असते. दहावीत पडलेल्याला सावरायची सोय आहे, नववीत काढलेल्याला कोण विचारतं?"

हे खरंच आहे. मुलाचं नाव शाळेत घालताना निकाल विचारण्याआधी, गेल्या वर्षी नववीत किती होते आणि यंदा दहावीला किती बसले, हे दोन आकडे प्रत्येक पालकानं मागावेत.

"संस्थेचं नाव मोठं आहे, उगाच बदनामी नको," शेठ चिडले.

"नाव मोठं ठेवायला पट लहान केला, शेठ. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरतात त्या मंजुरीत, शिक्षकांची पदं जातात. मग फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले सरच अतिरिक्त ठरतात."

"तुम्हाला सगळीकडे खोटच दिसते! गणपती मंडळाच्या हिशेबातही असेच खोडत बसला होता."

"पावती 501 ची, पेटीत 101. खोडू नको तर काय करू?"

पक्याला हसू आवरेना. "शेठ, तुमची दहावी ऑक्टोबरची ना हो?"

"गणित होतं फक्त!"

"आणि सायन्स," अण्णा म्हणाले. "दाखले मीच लिहिलेत. तेव्हा ही शिस्त असती, तर नववीतच तुमच्या आईसाहेबांची विनंती आली असती."

शेठही हसायला लागले. चहाचे पैसे मात्र पक्यालाच द्यावे लागले.